तेलंगांची भिन्नमते

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली. पुढची पस्तीस वर्षे त्याच्या कुलगुरुपदावर एकही हिंदी माणूस बसला नाही. १८९२ मध्ये काशिनाथ त्रिंबक तेलंग यांची नेमणूक झाली आणि १ सप्टेंबर १८९३ रोजी, पदावर असतानाच, ते वारले. वय अवघे ४३. ‘मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू’ एवढ्या एका ओळीत त्यांची बोळवण करायची आपल्याला सवय झाली आहे. ही ओळ खरी असली, तरी तिच्यात तेलंग सापडत नाहीत. ते सापडतात त्यांनी ठिकठिकाणी नोंदवलेल्या भिन्नमतांत.

आधी त्या पदाविषयी. गव्हर्नर हाच विद्यापीठाचा चान्सलर. कुलगुरूची नेमणूक सरकार दोन वर्षांसाठी करी. पद मानाचे, बिनपगारी. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपले काम सांभाळून ते भूषवीत. विद्यापीठ स्वतः शिकवत नसे. अभ्यासक्रम ठरवणे, परीक्षा घेणे, पदव्या देणे हा त्याचा व्यवहार, आणि खरी घासाघीस चाले ती सिंडिकेटच्या बैठकांत. त्या सिंडिकेटवर तेलंग १८८१ पासून होते. म्हणजे कुलगुरू होण्याआधी दहा-अकरा वर्षे हा माणूस विद्यापीठाच्या रोजच्या कामात मुरलेला होता. कलकत्त्याला गुरुदास बॅनर्जी १८९० मध्येच कुलगुरू झाले होते. मुंबईला तेलंगांसाठी आणखी दोन वर्षे लागली.

तेलंग जन्माने मुंबईकर, गौड सारस्वत. प्राथमिक शिक्षण अमरचंदवाडीच्या मराठी शाळेत, १८५९ पासून एल्फिन्स्टन हायस्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज. हायस्कुलात नारायण महादेव परमानंद हे शिक्षक लाभले आणि पुढे तेच जिवलग मित्र झाले. एम.ए., एल्‌एल.बी. होऊन १८७२ मध्ये त्यांनी उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत वकिली सुरू केली. धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचणारा वकील तेव्हा दुर्मीळ होता. गोऱ्या बॅरिस्टरांना भाषांतरांवर भिस्त ठेवावी लागे. तेलंग मिताक्षरेतले वचन मुळातूनच पुढे ठेवत.

याच संस्कृतच्या बळावर त्यांनी पहिले मोठे भिन्नमत मांडले, तेही युरोपातल्या दिग्गजांविरुद्ध. आल्ब्रेख्त वेबर यांना रामायणावर होमरची छाया दिसत होती. तेलंगांनी १८७३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याला मुद्देसूद उत्तर दिले. लोरिन्झर या जर्मन अभ्यासकाचा दावा होता की गीतेने ‘नव्या करारा’तून उसने घेतले आहे. १८७५ मध्ये गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद प्रसिद्ध करताना तेलंगांनी प्रस्तावनेत तो दावा खोडून काढला. पुढे मॅक्स म्यूलर यांच्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ मालेचा आठवा खंड १८८२ मध्ये आला, तो तेलंगांचा: भगवद्गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता. गीता इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्याही आधीची, असे त्यांनी त्यात पुराव्यानिशी मांडले. कालनिर्णयावर वाद होऊ शकतो, झालाही. पण अभिमानाच्या भरात पुरावा वाकवायचा नाही, ही त्यांची शिस्त आजही हेवा वाटावा अशी आहे.

त्याच १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग नेमला गेला आणि तेलंग त्याचे सदस्य झाले. कॉलेजांसाठी नीतिशिक्षणाचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे आणि माणसाच्या व नागरिकाच्या कर्तव्यांवर दर सत्रात व्याख्याने द्यावीत, अशी शिफारस आयोगाने केली. तेलंगांनी तिला स्वतंत्र टिपण लिहून विरोध केला. नीती पुस्तकातून घोकून येत नाही, शिक्षकाच्या वागण्यातून आणि संस्थेच्या वातावरणातून ती अंगी मुरते, असा त्यांचा रोख होता. शिक्षणतज्ज्ञ म्हणून तेलंगांची खरी ओळख मला या टिपणात दिसते, कुलगुरुपदात तितकी नाही. अर्थात याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनीही निवेदन ठेवले होते. सरकारचा पैसा उच्च शिक्षणावर आणि वरच्या जातींवर खर्च होतो, शेतकऱ्याच्या पोराला अक्षरओळखही नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. तेलंगांचे जग एल्फिन्स्टनच्या पायऱ्यांपाशी सुरू होई. फुल्यांचा प्रश्न त्या पायऱ्यांपर्यंत पोचूच न शकणाऱ्यांचा होता. तेलंगांबद्दल आदर बाळगूनही हे नोंदवायला हवे.

राजकारणात फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी आणि तेलंग हे त्रिकूट मुंबई गाजवत होते. १८८५ च्या पहिल्या काँग्रेस अधिवेशनात कायदेमंडळांच्या सुधारणेचा ठराव तेलंगांनी मांडला. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, या वादावर १८८६ मध्ये त्यांनी व्याख्यान दिले. जिथे विरोध कमी तिथे पाऊल आधी पडते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

इथे त्यांच्या चरित्रातला सर्वांत दुखरा भाग येतो. बालपणी झालेल्या लग्नाचा नवरा नाकारणाऱ्या रखमाबाईंचा खटला उभा राहिला, तेव्हा त्यांच्या वकिलांत तेलंग होते. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यालाही त्यांनी पाठिंबा दिला. आणि स्वतःच्या मुलीचे लग्न मात्र, घरच्यांच्या आग्रहापुढे नमून, बालवयातच लावले. सुधारकांत खळबळ उडाली, टीका झाली. ती रास्तच होती. सामाजिक बाबतीतल्या तडजोडीवर मराठीत लिहिणाऱ्या, लेसिंगचे ‘नेथन द वाइज’ मराठीत आणणाऱ्या विद्वानाला वेबरशी भांडता आले, आयोगाशी भांडता आले. घरात भिन्नमत नोंदवता आले नाही. त्याची किंमत एका लहान मुलीने मोजली. महादेव गोविंद रानड्यांनीही पत्नीच्या निधनानंतर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. त्या पिढीचे हे दुबळेपण लपवून तिचा गौरव करण्यात अर्थ नाही.

१८९२ मध्ये कुलगुरुपद आले. त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षपदही आले, तेही हिंदी माणसाला प्रथमच. १८८९ पासूनचे न्यायाधीशपद होतेच. एवढे ओझे आणि आयुष्य फार थोडे उरलेले. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल उसळली; त्यानंतर काही आठवड्यांतच तेलंग गेले. कुलगुरुपद रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे आले, उच्च न्यायालयातल्या जागेवर रानडे आले. मराठ्यांच्या बखरींवरचा तेलंगांचा निबंध रानड्यांनी १९०० मध्ये आपल्या ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ या ग्रंथाला जोडला.

न्यायालयातले त्यांचे एक भिन्नमत मात्र त्यांच्या मागे पुष्कळ जगले. आपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी हा १८९१ चा पूर्णपीठाचा निकाल. वडील आपल्या भावांबरोबर एकत्र असताना मुलगा वडिलांच्या संमतीवाचून वाटणी मागू शकतो का? बहुमताने ‘नाही’ म्हटले. मिताक्षरेप्रमाणे मुलाचा हक्क जन्मानेच येतो, तेव्हा तो मागू शकतो, असे तेलंगांनी एकट्याने लिहिले. इतर प्रांतांच्या उच्च न्यायालयांनी पुढे तेलंगांचा अर्थ उचलून धरला. मुंबई इलाख्यात मात्र बहुमताचाच निकाल चालत राहिला.