राज्याचे कायदे आणि सामान्य नागरिक : शोधाची साधने व पद्धती

प्रस्तावना

कायद्याचे अज्ञान ही सबब न्यायालयात ग्राह्य धरली जात नाही. या तत्त्वाला दुसरी बाजूही आहे. हरला विरुद्ध राजस्थान राज्य (१९५१) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जयपूर संस्थानच्या अफूविषयक कायद्याखालील शिक्षा रद्द केली. कारण तो कायदा रीतसर प्रसिद्धच झालेला नव्हता. कायदा नागरिकास कळण्याची सोय असल्याखेरीज तो त्याच्यावर बंधनकारक ठरू नये, हा या निर्णयाचा आशय होय. महाराष्ट्रातील कायदे आज प्रसिद्ध होतात. परंतु अंमलात असलेला नेमका पाठ शोधणे सामान्य नागरिकास अवघड जाते. प्रस्तुत लेखात या शोधाची पद्धती मांडली आहे.

कायद्याचे स्तर

अधिनियम विधानमंडळ संमत करते, तर नियम अधिनियमाने दिलेल्या अधिकारात शासन तयार करते. दोन्ही महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध होतात. शासन निर्णय हा प्रशासकीय आदेश असून तो शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, दिनांक व सांकेतांक यांवरून मिळतो. शासन निर्णयास अधिनियमाच्या किंवा नियमाच्या विरोधात जाता येत नाही. व्यवहारात मात्र शोध बहुधा शासन निर्णयापाशीच थांबतो. उदाहरणार्थ, विद्यापीठीय प्रश्नात केवळ परिपत्रक पुरेसे नसून महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ व त्याखालील परिनियम पाहणे आवश्यक ठरते.

नाव व क्रमांक

सन २०१२ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ अन्वये अनेक जुन्या अधिनियमांच्या संक्षिप्त नावांतील ‘मुंबई’ या शब्दाच्या जागी ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला. त्यामुळे १९४८ चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम किंवा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम जुन्या ग्रंथांत एका नावाने, तर नव्या साधनांत दुसऱ्या नावाने आढळतो. क्रमांक मात्र बदललेला नाही. म्हणून ‘१९४८ चा ६७’ किंवा ‘१९५० चा २९’ असा शोध अधिक विश्वसनीय ठरतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या नावात १९५८ हे वर्ष असले, तरी त्याचा क्रमांक १९५९ चा ३ आहे, हेही ध्यानात ठेवावे.

अद्ययावत पाठ व अर्थनिर्णय

‘इंडिया कोड’ या शासकीय संकेतस्थळावर केंद्राचे व राज्यांचे अधिनियम विनामूल्य पाहता येतात. तेथील पाठात अलीकडील सुधारणा समाविष्ट आहेत किंवा नाहीत, हे राजपत्रावरून पडताळावे. प्रश्न जुन्या घटनेचा असल्यास त्या दिवशी अंमलात असलेला पाठ सामान्यतः महत्त्वाचा ठरतो. मराठीत संमत झालेल्या अधिनियमाचा राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद संविधानाच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार त्याचा इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. तरतुदीचा अर्थ न्यायनिर्णयांतून स्पष्ट होतो. सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय जानेवारी २०२३ पासून ‘ई-एससीआर’वर विनामूल्य उपलब्ध आहेत.

माहितीचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कामकाजासंबंधीचे नियम, विनियम, अनुदेश व नियमपुस्तिका स्वतःहून प्रसिद्ध करावयाच्या असतात. त्या न मिळाल्यास कलम ६ खाली अर्ज करता येतो.

समारोप

साधने विनामूल्य असली, तरी ती वापरण्याची रीत अवगत नसल्यास नागरिक मध्यस्थावर किंवा कालबाह्य पुस्तकावर अवलंबून राहतो. हक्क सांगण्याची मुदत अशा वेळी निघून जाऊ शकते. महाविद्यालयीन ग्रंथालयाने स्तर, क्रमांक व सुधारणा या तीन कसोट्या विद्यार्थ्यांना आणि परिसरातील नागरिकांना शिकविल्यास कायद्याचे प्रकाशन खऱ्या अर्थाने सार्थ होईल.