सणाचे गोड आणि रोजचे गोड

पौषातील थंडीत भोगीचा दिवस येतो. त्या दिवशी घरोघरी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या होतात आणि वाटाणे, पावटे, गाजरे, वांगी, हरभऱ्याचे सोलाणे अशी हाताला लागतील ती सारी मिळून एक भाजी शिजते. दुसऱ्या दिवशी संक्रांतीचा तिळगूळ. पुढे होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड, गणेशचतुर्थीला मोदक, दिवाळीला लाडू-करंज्या. ईदला शीरखुर्मा, नाताळात केक आणि नेवऱ्या. आपल्या सणांची आठवण प्रथम जिभेला होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे सण ज्या काळी रूढ झाले, त्या काळचे रोजचे जेवण मात्र अगदी साधे होते. ज्वारी-बाजरीची किंवा नाचणीची भाकरी, एखादी पालेभाजी, पिठले, ताक, कांदा आणि चटणी एवढ्यावर दिवस निघे. बहुतेकांच्या घरी गुळाचा खडासुद्धा जपून वापरला जाई. शेतात दिवसभर राबणे आणि कोसकोस चालणे नित्याचेच होते. अशा शरीराला सणाच्या दिवशी मिळालेली पुरणपोळी बाधत नसे. तो दिवस वर्षातून मोजक्याच वेळा येई आणि म्हणूनच तो सण वाटे.

आज परिस्थिती पालटली आहे. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटे, मधल्या सुट्टीत गोळ्या व चॉकलेट, संध्याकाळी शीतपेय, रात्री कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक! शीतपेयाच्या ३०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ३० ग्रॅम, म्हणजे सहा लहान चमचे साखर असू शकते. मोठ्या माणसाच्या आहारातही वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत असल्यास अधिक चांगले, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. गूळ आणि मध ह्यांनाही ह्या हिशेबातून सूट नाही. गुळातही मुख्यतः साखरच असते. सण उरला आहे; पण त्याच्या दोन्ही बाजूंचे साधे दिवस मात्र नाहीसे होत चालले आहेत.

ह्याचा परिणाम शरीरावर कसा होतो, ते पाहू. आपण खाल्लेल्या पिष्टमय व गोड पदार्थांची पचनानंतर ग्लुकोज नावाची शर्करा बनते आणि ती रक्तात मिसळते. शरीरातील पेशींना काम करण्यासाठी हीच शर्करा लागते. परंतु बहुतेक पेशींची दारे तिला आपोआप पुरेशी उघडत नाहीत. पोटात, जठराच्या मागे, स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारे इन्शुलिन हे द्रव्य त्या दारांची कडी काढते. इन्शुलिन कमी पडले किंवा त्याला कडी काढता येईना, की शर्करा रक्तातच साचते. साठा फार वाढला म्हणजे मूत्रपिंडे ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. मूत्र मधासारखे गोड होते, म्हणून ह्या रोगास मधुमेह हे नाव पडले.

सकाळी उपाशीपोटी निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी शर्करा असते. ती १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्याचे पुन्हा तपासूनही आढळले, तर मधुमेह झाला असे वैद्य ठरवतात. हा रोग प्रारंभी दुखत नाही, आणि हाच त्याचा मोठा धोका होय. कित्येक वर्षे तो डोळे, मूत्रपिंडे, हृदय आणि पायांच्या नसा मुकाट्याने पोखरीत राहतो. पायाला झालेली जखम कळत नाही आणि भरतही नाही.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिला बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी होतो. त्यात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून स्वतःच्याच इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने हा रोग होत नाही. त्यात त्या मुलाचा वा त्याच्या आईवडिलांचा काही दोष नसतो. दुसरा प्रकार अधिक आढळतो. आनुवंशिकता, पोटावर वाढलेली चरबी, हालचालीचा अभाव आणि अतिरेकी आहार ह्यांमुळे इन्शुलिनचा प्रभाव ओसरत जातो. दोन्ही प्रकार संसर्गाने पसरत नाहीत.

एके काळी पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणजे मरणच असे. मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून त्यांचे आयुष्य थोडेफार लांबवावे, एवढेच डॉक्टरांच्या हाती होते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंग ह्या तरुण शल्यवैद्याने चार्ल्स बेस्ट ह्या मदतनिसासह प्राध्यापक मॅक्लिऑड ह्यांच्या प्रयोगशाळेत स्वादुपिंडाचा अर्क काढला. जेम्स कॉलिप ह्यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड टॉमसन ह्या १४ वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलास तो टोचण्यात आला. पहिला प्रयत्न फसला. परंतु थोड्याच दिवसांनी अधिक शुद्ध अर्क देताच त्याच्या रक्तातील शर्करा उतरली. तो मुलगा त्यानंतर १३ वर्षे जगला. १९२३ साली बँटिंग व मॅक्लिऑड ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंग ह्यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर. १९९१ पासून तो जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो; आपल्याकडे तोच बालदिनही आहे.

भारतात हा रोग आता कोणाला परका राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला. अंगाने सडपातळ माणसेही त्यातून सुटत नाहीत. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांतील माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. गावातील बाळे लहानखुरी होती. पण त्यांच्या अंगात मांस कमी आणि त्या मानाने चरबी अधिक होती. तेव्हा केवळ बारीक दिसण्यावर विसंबून आपण निर्धास्त राहू शकत नाही.

मग सण सोडून द्यावेत काय? मुळीच नाही. आपल्या ताटाकडेच नीट पाहावे. त्यात डाव्या बाजूला कोशिंबीर व चटणी असते, उजव्या बाजूला भाजी, उसळ व आमटी, आणि गोडाला एखादी वाटी. कोशिंबीर व उसळ भरपूर घ्यावी, भात बेताचा असावा आणि गोड त्या एका वाटीतच राहावे. जेवणानंतर लोळण्याऐवजी थोडे चालावे. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वेफर आणि बर्फी ह्यांवर ताव मारणाऱ्यांसाठी 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडे फार पूर्वीपासून आहेच!

आपल्या पंक्तीत आग्रहाला मोठा मान आहे. 'आजच्या दिवस चालते' असे म्हणून आपण आजोबांच्या पानात दुसरा लाडू वाढतो. ते संकोचाने खातात आणि रात्री मुकाट्याने त्रास सोसतात. त्यांचे 'नको' पहिल्याच खेपेस ऐकणे, हाही आदराचाच एक प्रकार आहे. ह्याच्या उलट प्रसंगही येतो. इन्शुलिन घेणाऱ्या आपल्या वर्गमित्राचे जेवण लांबले किंवा खेळ फार झाला, तर त्याच्या रक्तातील शर्करा एकदम उतरते. त्याला घाम फुटतो, हातपाय थरथरतात, बोलणे अडखळते. अशा वेळी तो शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर किंवा साखरेचे पाणी द्यावे आणि मोठ्या माणसांना हाक मारावी. तो बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तत्काळ डॉक्टरांना बोलवावे. एरवी जपून खाण्याची साखरच त्या घटकेला त्याचा जीव वाचवते. साखर स्वतः मित्र नव्हे की शत्रू नव्हे; किती आणि केव्हा, ह्यावर सारे अवलंबून असते.

हे प्रमाण संक्रांतीच्या रीतीतच आहे. त्या दिवशी कोणी कोणाला ताटभर तिळगूळ वाढीत नाही. तळहातावर चिमूटभर ठेवायचा, मोठ्यांच्या पाया पडायचे आणि गोड बोला असे म्हणायचे. त्या चिमटीने आजवर कोणाचा सण अपुरा राहिलेला नाही.