लुगरचे आकडे जुळले म्हणजे पिस्तूल अस्सल?

'सगळे आकडे जुळतात' एवढं ऐकलं की जुन्या लुगर पिस्तुलाची किंमत चढते. नवा संग्राहक चापावरचा आकडा पाहतो, फ्रेमवरचा पाहतो आणि निर्धास्त होतो. पण माझ्या मते खरी तपासणी तिथून पुढे सुरू व्हायला हवी.

जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेलं हे ९ मिलिमीटरचं पिस्तूल, म्हणजे पी-०८. त्याचे भाग कारागीर घासूनपुसून एकमेकांत बसवत. एकाचा भाग दुसऱ्यात जाऊ नये म्हणून त्यांच्यावर आकडे ठोकले जात. फ्रेमच्या पुढच्या बाजूला, रिसीव्हरवर आणि नळीच्या खाली पूर्ण क्रमांक असतो. चाप, साइडप्लेट, उकलण्याची कळ, टॉगलचे तुकडे अशा लहान भागांवर मात्र त्याचे शेवटचे दोनच अंक असतात.

बाजारातल्या लबाडीला वाव मिळतो तो या दोन अंकांमुळेच. सुट्या चापांचा ढीग उपसला तर शंभरात एखादा चाप आपल्या पिस्तुलाशी योगायोगानेही जुळू शकतो. तेवढी वाट न पाहता काही जण जुना आकडा घासून काढतात आणि हवा तो ठोकतात. म्हणून आकडा नुसता वाचून भागत नाही. भिंग घ्यावं आणि उजेड तिरका पाडावा. आकड्याभोवतीचा पृष्ठभाग किंचित खोलगट दिसला तर तिथे कानस फिरली असण्याची शक्यता असते. फ्रेमवरच्या ४ किंवा ७ ची ठेवण आणि चापावरच्या त्याच अंकाची ठेवण शेजारीशेजारी ताडून पाहावी. पहिल्या महायुद्धातलं एर्फुर्टच्या सरकारी कारखान्याचं पिस्तूल असेल तर आणखी एक पुरावा हाताशी असतो. तिथले निरीक्षक बहुतेक प्रत्येक लहान भागावर मुकुटाचा बारीक शिक्का मारत. आकडा जुळतो पण मुकुट नाही, असा भाग संशयास्पद समजावा.

क्रमांकाखालचं अक्षरही बरेच जण दुर्लक्षितात. युद्धकाळात दरवर्षी मोजणी १ पासून सुरू व्हायची आणि १०००० झाले की पुढच्या फेरीला 'ए', मग 'बी' अशी अक्षरं लागायची. त्यामुळे एकाच कारखान्याची, एकाच सालची, एकाच क्रमांकाची अनेक पिस्तुलं असू शकतात. त्यांतला फरक फक्त त्या अक्षराने कळतो.

नळीच्या खाली ८,८२ सारखा एक आकडा असतो. तो क्रमांक समजून 'नळी जुळत नाही' म्हणणारे भेटतात. प्रत्यक्षात ते नळीच्या आतल्या व्यासाचं मिलिमीटरमधलं माप आहे आणि त्यातला स्वल्पविराम हे जर्मन पद्धतीचं दशांशचिन्ह आहे. नळी मूळची आहे का, हे पाहायला त्याहून चांगली खूण आहे. नळी रिसीव्हरमध्ये पिळून घट्ट बसवली की सांध्यावर छिन्नीने एक उभी रेघ मारत, अर्धी नळीवर आणि अर्धी रिसीव्हरवर. या दोन अर्ध्या रेघा सरळ रेषेत नसतील तर नळी कधीतरी काढलेली किंवा बदललेली आहे.

चकाकी हाही एक फसवा मुद्दा. शंभर वर्षांचं लोखंड नव्यासारखं काळंनिळं चमकत असेल तर बहुधा त्यावर पुन्हा ब्लूइंग झालेलं असतं. त्याआधी पॉलिश करताना कडा गोलावतात, अक्षरं उथळ होतात आणि पिनांच्या भोकांचे काठ आत दबतात. रंगातूनही काळ कळतो. साधारण १९३७ पर्यंत चाप, सेफ्टीची कळ, मॅगझिनचा खटका यांना तापवून गवतासारखा पिवळसर रंग आणत. नंतर माउजर कारखान्याने तेही भाग निळे-काळे करायला सुरुवात केली. त्यामुळे १९४० च्या माउजरवर पिवळा चाप आणि १९१६ च्या पिस्तुलावर निळा चाप, दोन्ही खटकायला हवेत.

रिसीव्हरवरच्या सालाबद्दलही घोळ होतो. ते साल बहुतेकदा बनावटीचंच असतं, पण '१९२०' दिसलं तर थांबावं. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मालकीची खूण म्हणून जुन्या पिस्तुलांवर हे साल ठोकलं गेलं. त्यामुळे एकाच पिस्तुलावर १९१७ आणि १९२० अशी दोन सालं सापडतात, आणि त्यात लबाडी नसते. १९३४ आणि १९३५ च्या माउजरवर तर साल नसतंच. तिथे 'के' आणि 'जी' ही सांकेतिक अक्षरं असतात. काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीची 'ब्लॅक विडो' ही खास आवृत्ती होती, ही दंतकथाही सोडून द्यावी. हे नाव युद्धानंतरच्या विक्रेत्यांचं आहे. १९४१-४२ च्या काही माउजरवर अशी मूठ बसवली जात होती, एवढंच.

आता उलट बाजू. आकडे जुळत नाहीत म्हणजे पिस्तूल बनावट, हेही खरं नाही. सोव्हिएत सैन्याने जप्त केलेली हजारो लुगर युद्धानंतर कोठारांत उकलून, पुन्हा रंगवून जोडली गेली. त्यात भाग मिसळले. अशा पिस्तुलाचा मिश्रपणा हाही त्याच्या इतिहासाचाच भाग आहे. त्याला 'मिश्र' म्हणून विकणारा प्रामाणिक. भाग बदलून, आकडे ठोकून ते 'जुळवणारा' मात्र इतिहास खोडतो, आणि ते नुकसान कुणालाच भरून काढता येत नाही.

अमेरिकेच्या एम-१९११ पिस्तुलाला तर हा जुळणीचा निकष लागूच होत नाही. क्रमांक असतो तो सहसा फक्त फ्रेमवर. भाग अदलाबदल होतील अशा बेतानेच ते घडवलं होतं, आणि सैन्याच्या दुरुस्ती कोठारांतून ते अनेकदा दुसऱ्याच कारखान्याची स्लाइड घेऊन बाहेर पडे. दुरुस्ती करणारं कोठार फ्रेमवर आपली अक्षरं ठोकत असे, उदाहरणार्थ ऑगस्टा आर्सेनलचं 'एए'. ती दिसली की भाग मिश्र असणं अपेक्षितच. सर्वांत जपून पाहावी ती सिंगर या शिलाई मशीनच्या कंपनीची पिस्तुलं. तिने १९४१ मध्ये अवघी ५०० बनवली, म्हणून त्यांना किंमतही प्रचंड. स्लाइडवरचं नाव वाचून हुरळण्याआधी फ्रेमवरचा क्रमांक पाहावा. तो 'एस' ८००००१ ते ८००५०० यांच्या बाहेरचा असेल तर फ्रेम सिंगरची नाही, मग स्लाइड खरी का असेना.