ठिपक्याची वर्दी

शहापूर आज बेळगावाशी इतके एकजीव होऊन गेले आहे की, एके काळी बेळगाव इंग्रजी अंमलाखाली आणि शहापूर सांगली संस्थानाच्या अंमलाखाली होते, ही गोष्ट खडेबाजारातून जाणाऱ्या माणसास कोणी सांगितल्यावाचून कळावयाची नाही. परंतु शहापूर, वडगाव आणि खासबाग या विणकरांच्या वस्त्यांतून मागांचा आवाज अद्याप कानी येतो, आणि संगणकाच्या खेळांविषयीच्या प्रस्तुत लेखाशी त्या आवाजाचा संबंध प्रथमदर्शनी वाटतो त्याहून पुष्कळच निकटचा आहे. जेकार्डच्या मागावर साडीची किनार किंवा पदर विणावयाचा झाल्यास ती नक्षी प्रथम बारीक चौकोनांच्या कागदावर उतरवितात. त्यांतील प्रत्येक चौकोन भरलेला तरी असतो किंवा कोरा तरी, आणि त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर छिद्रे पाडली जातात. हा पत्ता मागावरील सुयांवर येऊन दाबला गेला म्हणजे, जेथे छिद्र असेल तेथील सुई आत शिरते व तिच्या ताब्यातील ताण्याचे धागे वर उचलले जातात, आणि जेथे छिद्र नसेल तेथील सुई मागे ढकलली जाऊन तिचे धागे खालीच राहतात. मोर विणला जात आहे की कोयरी, याची त्या सुईस गंधवार्ताही नसते. तिला विचारलेला प्रश्न एकच, आणि त्याची उत्तरे दोनच.

फ्रान्समध्ये बूशाँ याने 1725 साली छिद्रांच्या कागदी पट्टीने, फाल्कनने 1728 साली जोडपत्त्यांच्या माळेने आणि जेकार्डने 1804 च्या सुमारास आपल्या परिपूर्ण यंत्राने ही युक्ती सिद्ध केली. संगणकाच्या खेळात पडद्यावरील एखादा ठराविक ठिपका ठराविक रंगाचा झाला की तत्क्षणी कळ दाबणारी पाच-दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिणे, हा जो उद्योग अलीकडे संगणकाची गोडी लागलेली मुले हौसेने करतात, तो तत्त्वतः या सुईचाच उद्योग होय. भेद आहे तो काळाच्या बाबतीत. मागावरचे पत्ते आधीच पाडलेले असतात आणि सुईची चुकामूक होऊ नये म्हणून सारा माग तिच्या तालाने चालतो. खेळ मात्र कोणासाठी थांबत नाही, आणि स्क्रिप्टने पाहण्यास अथवा कळ दाबण्यास विलंब केला तर तो विलंब तिच्याच खाती रुजू होतो.

उदाहरणादाखल सर्वांच्या परिचयाचा खेळ घेऊ. क्रोम ब्राउझरमध्ये 2014 साली दाखल झालेला, इंटरनेट बंद पडले म्हणजे प्रकट होणारा तो करड्या रंगाचा डायनासोर वाळवंटातून धावतो, समोरून निवडुंग येतात, आणि स्पेसबार दाबला की तो उडी घेतो. येथे स्क्रिप्टने करावयाचे काम इतकेच की, डायनासोरच्या पुढे काही अंतरावरचा एक बिंदू निवडून त्याचा रंग पुनःपुन्हा विचारीत राहावयाचे, आणि पार्श्वभूमीच्या जागी निवडुंगाचा करडा रंग आढळताच उडीचा हुकूम सोडावयाचा.

पडद्यावरचा असा ठिपका म्हणजे काय, ते आधी पाहू. रसेल कर्श यांनी 1957 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र प्रथम संगणकात उतरविले, तेव्हा त्याचे 176 गुणिले 176, म्हणजे 30,976 ठिपके झाले होते, आणि प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा एवढेच सांगू शकत असे. आजच्या साधारण पडद्यावर 20,73,600 ठिपके, म्हणजे पिक्सेल, असतात; प्रत्येकाचा रंग तांबडा, हिरवा व निळा या तिहींच्या 0 ते 255 पर्यंतच्या अंकांनी नोंदला जातो, म्हणून एकेका पिक्सेलला 1,67,77,216 रंग धारण करण्याची मुभा असते. असा संपूर्ण पडदा सेकंदास 60 वेळा वाचावयाचा म्हटले तर दर सेकंदास सुमारे 37 कोटी बाइट मजकूर डोळ्यांखालून घालावा लागेल. तेव्हा शहाणा लेखक सारे दप्तर उलथीत बसत नाही. त्यातील आपल्या उपयोगाची नोंद तेवढी पाहतो. या खेळातील निवडुंगाच्या करड्या रंगाचे तिन्ही अंक 83 आहेत. तथापि पडद्याचे आकारमान 125 टक्के करून ठेवलेले असल्यास कडांवरील रंग मिसळतात आणि बिंदूचे स्थानही सरकते; यासाठी तंतोतंत 83 चा आग्रह न धरता काही अंकांची सूट द्यावी, आणि एका बिंदूऐवजी एक अरुंद पट्टी वाचावी, हे श्रेयस्कर. पट्टी वाचावयाची ती एकदमच. एकेक ठिपका स्वतंत्रपणे मागत बसल्यास विंडोजसारखी प्रणाली प्रत्येक मागणीस इतका वेळ लावू शकते की तेवढ्यात पडद्यावरील चित्र बदलून जाते.

आता विलंबाचा हिशेब पाहू, कारण या विद्येचे सारे मर्म त्यातच आहे. खेळाचा आरंभ होतो तेव्हा जमीन चित्राच्या प्रत्येक चौकटीस (फ्रेमला) खेळाच्या मापाने 6 पिक्सेल सरकते. सेकंदास 60 चौकटी धरल्यास हा वेग 360 पिक्सेल होतो. दर चौकटीस वेगात 0.001 ची भर पडत पडत, दोन मिनिटांस किंचित कमी वेळात तो चौकटीस 13, म्हणजे सेकंदास 780 पिक्सेल या कमाल मर्यादेस पोहोचतो. पाहणे, तुलना करणे, कळ दाबणे आणि खेळाने ती कळ मान्य करणे या सर्वांस मिळून 50 मिलिसेकंद लागतात असे मानले, तर आरंभी तेवढ्या अवधीत निवडुंग 18 पिक्सेल पुढे आलेला असतो आणि अखेरीस 39. म्हणून पहाऱ्याचा बिंदू एका जागी खिळवून चालत नाही; वेग वाढेल तसतसा तो पुढे पुढे न्यावा लागतो. हे एवढे केले की 50 मिलिसेकंदांचा विलंब निरुपद्रवी ठरतो. 80 चा असता तरी ठरला असता! उपद्रव होतो तो विलंब कधी 20 आणि कधी 100 होऊ लागला म्हणजे. कारण त्या 80 मिलिसेकंदांच्या तफावतीत कमाल वेगाने 62 पिक्सेल जमीन निघून जाते, आणि मोठ्या निवडुंगाची रुंदी अवघी 25 पिक्सेल असते. पायथॉन भाषेत कळ दाबण्यासाठी वापरले जाणारे पायऑटोगुई हे साधन तर प्रत्येक हुकुमानंतर आपण होऊन सेकंदाचा दहावा भाग विसावते. नवशिक्यास ही गोष्ट ठाऊक नसली की तो रंगाच्या अंकांतच दोष शोधत रात्र घालवतो.

उशीर एकसारखा असेल तर तो वजा करता येतो, हा धडा विज्ञानाने फार मोल देऊन घेतलेला आहे. ग्रिनिचचे राजज्योतिषी मास्किलीन यांनी 1796 साली आपला साहाय्यक किनब्रुक यास बरखास्त केले, कारण दुर्बिणीतील तंतू ताऱ्याने ओलांडल्याचा क्षण तो घड्याळाच्या ठोक्यांवर मोजताना मास्किलीनहून 0.8 सेकंदाने मागे राहत असे. पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने हे प्रकरण तपासून अनेक निरीक्षकांची परस्परांशी तुलना केली, तेव्हा प्रत्येक निरीक्षकाची आपली अशी एक तफावत असते आणि ती मोजून हिशेबात धरता येते, असे निष्पन्न झाले. बिचाऱ्या किनब्रुकची नोकरी मात्र तोपर्यंत गेलेली होती.

मनुष्यास डोळ्यांनी पाहून बोट हलविण्यास सर्वसाधारणपणे सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. या हिशेबाने कमाल वेगाच्या वेळी निवडुंग दीडशेहून अधिक पिक्सेल चालून येईतो आपले बोट हलतच नाही, आणि तरीही शाळकरी मुले हा खेळ उत्तम खेळतात. याचे कारण असे की ती निवडुंगास प्रतिक्रिया देत नसून त्याच्या आगमनाचे भाकीत करीत असतात. तो दूर दिसताच त्यांचे बोट त्याच्या मुक्कामाची वेळ ठरवून मोकळे होते. स्क्रिप्टला हे साधत नाही. तिला भविष्य नाही आणि गतकालही नाही, केवळ वर्तमानातील एक ठिपका आहे, आणि माझ्या मते तिचा विजय चपळाईचा नसून एकविधतेचा आहे: हजाराव्या निवडुंगास ती पहिल्याइतकीच लक्षपूर्वक पाहते.

या एकविधतेची फजिती व्हावी अशी तजवीजही खेळाच्या कर्त्यांनी, बहुधा नकळत, करून ठेवली आहे. गुणसंख्या 700 झाली, म्हणजे सुमारे एक मिनिट लोटले, की खेळात रात्र होते आणि सारे रंग उलटतात. उलट्या हिशेबात 83 चे 172 होतात, उजळ आकाश काळवंडते, आणि 83 ची वाट पाहणारी स्क्रिप्ट स्वस्थ उभी राहून पहिल्याच निवडुंगावर आदळते. उपाय असा की रंग कोणता हे न विचारता, शेजारच्या मोकळ्या आकाशाहून हा ठिपका निराळा आहे काय, एवढेच विचारावे. त्याआधीच, वेग चौकटीस साडेआठ पिक्सेल झाल्यावर, पक्षी येऊ लागलेले असतात. ते तीन निरनिराळ्या उंचींवरून उडतात आणि सर्वांत वरच्या पक्ष्याखालून डायनासोर सुखरूप निघून जातो. तेव्हा एका पट्टीच्या जागी उंचीनुसार दोन पट्ट्या नेमून, कोणती वर्दी आली असता उडी घ्यावयाची आणि कोणती आली असता नाही, याचा जाबता लिहून ठेवावा लागतो.

स्वतःच्या संगणकाशी चाललेल्या या खेळात कोणाचे काही जात नाही. परंतु जेथे समोर दुसरा जिवंत खेळाडू बसलेला असतो, तेथे हीच स्क्रिप्ट निखळ लबाडी होते, आणि बहुतेक स्पर्धात्मक खेळांच्या नियमांत तिला मज्जाव आहे. तिचा माग काढण्याची एक रीत मोठी बोधक आहे: मनुष्याच्या बोटाचा विलंब प्रत्येक खेपेस कमी-अधिक होतो, तर स्क्रिप्टचा विलंब संशय यावा इतका सारखा असतो. हे ओळखून काही चतुर लोक आपल्या स्क्रिप्टमध्ये मुद्दाम यदृच्छ विलंब मिसळतात, म्हणजे जी तफावत काढून टाकण्यासाठी सारा खटाटोप केला तीच पदरमोड करून परत आणतात. आणि ती किती मिसळावी याचा अंदाज बांधण्यासाठी त्यांना आधी माणसांच्याच बोटांची मोजमापे घ्यावी लागतात.