खुर्चीवरचा योगाभ्यास

गेल्या कार्तिकांत आमच्या थोरल्या वहिनींनीं खालीं बसणें सोडलें. वय बहात्तर, दोन्ही गुडघे धरलेले. देवापुढें पाटावर बसण्याऐवजीं त्या उभ्यानेंच फुलें वाहूं लागल्या. घरांत आम्ही अकरा माणसें. पण ही गोष्ट कोणीं बोलून दाखविली नाहीं. पुढें त्यांच्या नातीनें पुण्याच्या आमच्या पेठेंतील एका योगवर्गाची गोष्ट काढली, तेव्हां वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, या वयांत मी काय खालीं डोकें वर पाय करूं?" त्यांची शंका अगदींच निराधार नव्हती. आमच्या धाकट्या बंधूंस पूर्वीं एका वर्गांत पहिल्याच दिवशीं हलासन करावयास लाविलें होतें. त्यांची मान पंधरा दिवस धरली होती. तथापि सोबतीस कोणी तरी हवें म्हणून आम्ही गेलों. आमचाहि उजवा गुडघा पूर्वींसारखा राहिलेला नाहीं, हें तेव्हां आम्हीं कोणास सांगितलें नव्हतें.

वर्गांत पाहतों तों सतरंजीवर दहा वर्षांचा एक मुलगा, कचेरींत जाणाऱ्या दोन सुना, एक स्थूल गृहस्थ आणि अर्धांगवायूंतून उठलेले एक निवृत्त कारकून. शिकविणाऱ्या बाईंनीं प्रत्येकास आधीं विचारलें: कोठें दुखतें, रक्तदाब आहे काय, काचबिंदु आहे काय, शेवटचें खाणें केव्हां झालें? रक्तदाब किंवा काचबिंदु असणारानें डोकें खालीं करण्याचीं आसनें करूं नयेत, आणि हाडें ठिसूळ झालेल्यांनीं जोरानें पुढें वांकूं नये, हें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. वहिनींना त्यांनीं खालीं बसविलेंच नाहीं. भिंतीशीं खुर्ची लावून तीवर कणा ताठ करून बसणें, पाठ धरून एका बाजूस वळणें, हात वर नेणें, एवढेंच पहिल्या आठवड्यांत. वीरभद्रासन करावयाचें तें खुर्चीची पाठ धरून. शवासनदेखील खुर्चींतच, पाय चौरंगावर ठेवून.

हा प्रकार आळशी लोकांनीं काढलेला आहे असें कोणास वाटेल. वस्तुस्थिति तशी नाहीं. खुर्च्या, लांकडी विटा, पट्टे आणि दोर यांचें हें शास्त्र बसविलें तें कै. बी. के. एस्. अय्यंगार यांनीं. कर्नाटकांतील बेल्लूर येथें १९१८ सालीं जन्मलेला हा मुलगा लहानपणीं हिंवताप, विषमज्वर आणि क्षय यांनीं पार खंगला होता. त्याचे गुरु कृष्णमाचार्य यांनीं १९३७ सालीं त्यास पुण्यास शिकविण्यास धाडलें, आणि तो पुण्याचाच झाला. पत्नी रमामणि यांच्या स्मरणार्थ त्यांनीं १९७५ सालीं शिवाजीनगरांत उघडलेली संस्था, ते २०१४ सालीं निवर्तल्यानंतरहि, चालू आहे. बेल्जमच्या राजमाता एलिझाबेथ या त्यांच्याकडे शीर्षासन शिकल्या तेव्हां त्यांनीं ऐंशी उलटली होती. (वहिनींना हें सांगण्याची चूक आम्हीं केली, त्या दोन दिवस वर्गास आल्या नाहींत.)

आधाराचें मर्म साधें आहे. दुर्बल मनुष्याची सारी शक्ति तोल सांभाळण्यांतच खर्च होते. आधार मिळाला कीं पडण्याचें भय जातें. भय गेलें कीं श्वास कोंडत नाहीं, स्नायु आंखडत नाहींत, आणि तेंच आसन अधिक वेळ टिकतें. पतंजलींनीं आसनाविषयीं तीनच सूत्रें लिहिलीं, आणि त्यांत अपेक्षा केली ती स्थैर्याची व सुखाची. पाय मानेमागें नेण्याची नव्हे. हठप्रदीपिकेंत तर तरुण, वृद्ध, अतिवृद्ध, रोगी व दुर्बल या सर्वांस अभ्यासानें सिद्धि मिळते असें स्पष्ट म्हटलें आहे.

तो श्लोक आम्हीं शाळेंत वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. त्याच शाळेंत एक मुलगा होता. पोलिओनें त्याचा डावा पाय काडीसारखा झालेला. आसनांच्या तासास आम्ही त्यास म्हणत असूं, "तूं बाहेर बस, दप्तरें सांभाळ." ही दया आहे अशी आमची समजूत होती. तीन वर्षें त्यानें दप्तरें सांभाळलीं. एकहि हरवलें नाहीं. त्रिकोणासनांत आमचा हात जमिनीपर्यंत पोंचेना, तेव्हां बाई म्हणाल्या, "काका, हात जेथवर जातो तेथवरच न्या," आणि खालीं एक वीट ठेवली. त्या विटेवर हात टेकून आम्ही त्या मुलाचें नांव आठवीत राहिलों. तें आठवलें. तो आतां पन्नाशीच्या घरांत असेल. आमच्या तासास त्या काळीं एक खुर्ची आणणें अवघड नव्हतें. मास्तरांची खुर्ची तेथेंच रिकामी असे.

वहिनींची गुडघेदुखी गेली असें नव्हे. जिना उतरतांना कठडा अजून लागतो, आणि थंडीच्या सकाळीं त्या कुरकुरतातहि. परंतु माघी चतुर्थीस त्या देवापुढें वीतभर उंचीच्या चौरंगावर बसल्या आणि आरती होईपर्यंत उठल्या नाहींत. येत्या सोमवारपासून शेजारच्या सासूसुना दोघींना बरोबर नेण्याचें त्यांनीं परस्पर ठरविलें आहे. वर्गांत खुर्च्या कमी पडतील म्हणून आमच्या ओसरीवरील दोन खुर्च्या पाठविण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.