पैसे पाठवण्यापूर्वी नावाची पडताळणी
(ध्वनिमुद्रित व्याख्यानावरून)

आरंभ आपल्या आडनावांपासून करतो. पेणकर, झिराडकर, किहीमकर ही कोकणातील गावांवरून आलेली आडनावे रोमन लिपीत एकेका घरातही दोन तऱ्हांनी लिहिली जातात. आजवर ही थट्टेची बाब होती. ९ ऑक्टोबर २०२५पासून आयर्लंडमधील इंटरनेट बँकिंगमध्ये तिला महत्त्व आले आहे.

त्या दिवसापासून युरो चलनाच्या देशांतील बँकांना, ग्राहकाने लिहिलेले नाव आणि आयबॅन क्रमांक एकाच खातेदाराचे आहेत का, हे पैसे जाण्यापूर्वी विनामूल्य पडताळून सांगावे लागते. पूर्वी रक्कम केवळ क्रमांकावरून जमा होई. लबाडांचा धंदा याच फटीतून चाले: घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराच्या ईमेलमध्ये शिरून बिलावरील क्रमांक तेवढा बदलायचा. पैसे पाठवणाऱ्यास नाव ओळखीचेच दिसे.

आता बँक सांगते की नाव जुळते, जवळपास जुळते, जुळत नाही, अथवा पडताळता आले नाही. ‘जवळपास’ असल्यास खातेदाराचे खरे नाव दाखवले जाते. एखाद्या अक्षराचा फरक आपल्या आडनावांत पडतो, तसा आयरिश व इंग्रजी अशी दोन रूपे असलेल्या इथल्या नावांतही पडतो. त्याने बिचकू नये. दिसलेले नाव परके असेल तर मात्र तेथेच थांबावे. तत्काळ हस्तांतरणाची रक्कम दहा सेकंदांत पोहोचते व ती परत मिळवणे अतिशय कठीण असते. नाव जुळत नसल्याचे कळूनही पैसे पाठवले, तर भरपाईचा हक्क गमावण्याचा धोका आहे. उलट, बँकेने पडताळणीत कसूर केली आणि त्यामुळे रक्कम भलत्याच खात्यात गेली, तर ती बँकेने परत करावयाची असते.

लबाडाने स्वतःच्याच नावाने खाते उघडले असेल तर नाव बिनचूक जुळेल, हेही ध्यानी असू द्या. शिवाय येथून ठाण्याच्या खात्यात रुपये किंवा बेलफास्टच्या खात्यात पौंड पाठवताना युरोपीय नियमाचे हे संरक्षण नाही. तेथे जुनाच उपाय: आपल्या वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर आपणच फोन करावा, आलेल्या संदेशातील क्रमांकावर कदापि नव्हे.

आणि शब्बाथ पाळणाऱ्यांसाठी एक सूचना. डिसेंबरात डब्लिनमध्ये दुपारी चारच्या आत दिवे लावावे लागतात. त्या घाईत पैसे पाठवले आणि फोन बंद केला, तर झालेली फसवणूक शनिवारी सायंकाळपर्यंत कळणारच नाही. मोठी रक्कम रविवारी पाठवावी.