गव्हाला रामराम ठोकताना

'सिलिॲक आहे, गहू कायमचा बंद,' असं डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, 'मग खायचं काय?' दुसरा प्रश्न घरातल्या मोठ्यांचा. 'इतकी वर्षं पोळ्याच खातेय की! आताच काय झालं?'

गहू, जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. कणीक तिंबल्यावर तिला येणारा चिवटपणा याच ग्लुटेनचा. सिलिॲक असलेल्यांच्या पोटात ते गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्नातलं सत्त्व शोषून घेणारे तिथले मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजतात. मग कितीही खा, अंगी लागत नाही. याची प्रवृत्ती आनुवंशिक असते, पण आजार कुठल्याही वयात डोकं वर काढतो. गव्हाशी असलेलं त्याचं नातं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडलं. आजही त्यावर एकच उपाय आहे, आयुष्यभराचं पथ्य.

मोठ्या वयात पोटाची तक्रार असतेच असं नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नाही, सतत थकवा असतो, हाडं ठिसूळ होतात. 'बायकांना असतोच अशक्तपणा' म्हणून आपण ते अंगावर काढतो. शंका असेल तर टीटीजी ही रक्ततपासणी आणि गरज पडल्यास एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासतात. मात्र तपासण्या होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधीच सोडला तर निदान चुकू शकतं.

आता स्वयंपाकघरात येऊ. इथे आपण मराठी बायका तशा नशीबवान. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, सगळ्या डाळी चालतात. भाकरी, घावन, आंबोळी, तांदळाची उकड, पोहे, उकडीचे मोदक, काहीच सुटत नाही. उपासाचा साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडाही चालतो. महागड्या डब्यांवाचून भागतं.

खरी फसगत होते ती लपलेल्या गव्हाची. रवा, मैदा, शेवया, दलिया म्हणजे गहूच. 'पौष्टिक' म्हणून खपणारा खपली गहूसुद्धा गहूच! मेतकुटात गहू असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे फोडणीपासूनच सावध राहायचं. सोया सॉस, माल्ट घातलेली दुधातली पावडर, तयार सूप यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावा. आपल्याकडच्या नियमानुसार 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही.

गिरणीत गव्हावर ज्वारी दळली तर ती ज्वारी उपयोगाची नाही. शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू टाकूच नका. तांदळाचं पीठ मिक्सरवरही होतं. लाकडी पोळपाट-लाटणं, पिठाची चाळणी, तवा वेगळा ठेवा. पुऱ्या तळलेल्या तेलात यांचे पापड तळू नका.

इतकं सगळं जमतं. अवघड जातो तो 'थोडंसं' हा शब्द. सत्यनारायणाचा शिरा समोर येतो. 'प्रसादाला नाही म्हणू नये, चिमूटभर घे.' चिमूटभरही नाही! त्रास जाणवला नाही तरी आत आतड्याला इजा होतेच. हात जोडायचे, केळं मागून घ्यायचं. देव रागवत नाही, माणसांनाही हळूहळू कळतं.

आणि घरातल्या बाईलाच सिलिॲक असेल तर? मुलाला असता तर तिने साऱ्या घराचं पथ्य सांभाळलं असतं. स्वतःसाठी मात्र 'माझ्या एकटीकरता कशाला वेगळं?' म्हणत ती भातावर भागवते. इतरांच्या पोळ्या लाटते आणि उरलेली पोळी वाया जाऊ नये म्हणून तीच संपवते. मैत्रिणींनो, ही उरलेली पोळी आता दुसऱ्या कुणीतरी खायची. आठवड्यातून चार दिवस घरात सगळ्यांनाच भाकरी केली तर कुणाचं काही बिघडत नाही.

पथ्य सुरू केल्यावर काहींना थोड्या आठवड्यांतच बरं वाटतं, आतडं भरून यायला मात्र महिने, कधी वर्षंही लागतात. तोवर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासून घ्या, आहारतज्ज्ञांना भेटा. आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही रक्ततपासणी करून घ्या. आणि बरं वाटायला लागलं म्हणून परत पोळीकडे वळू नका. बरं वाटतंय ते पोळी सोडली म्हणूनच.